उरल्यासुरल्या कागदांची शुभेच्छापत्रे

दिवाळीच्या तोंडावर गारखेडा परिसरातल्या घरोघरी माळ्यावरून एक खोका हमखास खाली येतो. गणपतीच्या आराशीतून उरलेली सोनेरी लेस, मागच्या वर्षीच्या आकाशकंदिलाचा अर्धा ताव जिलेटीन कागद, शाळेच्या कार्यानुभवासाठी आणलेल्या कार्डशीटचे कोपरे, पाकिटाच्या तळाशी राहिलेल्या टिकल्या, तोंडाशी वाळून बसलेली फेविकॉलची बाटली आणि रबराने बांधलेला लग्नपत्रिकांचा गठ्ठा, असा त्यातला ऐवज असतो. या वस्तू टाकवत नाहीत आणि वापरातही येत नाहीत. खोका उघडला जातो, चाळला जातो आणि बहुतेक वेळा जसाच्या तसा पुन्हा माळ्यावर जातो.

या एका खोक्यातून दहा-बारा चांगली शुभेच्छापत्रे सहज निघतात. त्यासाठी क्रम मात्र उलटा धरावा लागतो. आधी नक्षी ठरवायची आणि मग साहित्य शोधायचे, ही सर्वसाधारण पद्धत. पुरवणीत किंवा मोबाइलवर एखादा नमुना आवडतो, त्यासाठी लागणारा चंदेरी कागद घरात नसतो, म्हणून औरंगपुरा किंवा गुलमंडीची एक फेरी होते आणि त्या फेरीत कागदाबरोबर आणखी चार पाकिटे घरात येतात. कार्ड तयार होते खरे, पण खोका आधीपेक्षा जड होऊन माळ्यावर जातो. उरलेल्या साहित्यातून वस्तू करायची असेल, तर साहित्य पाहून नक्षी ठरवावी लागते. हे एकदा मान्य केले, की निम्मे काम सोपे होते आणि प्रत्येक कार्ड आपोआप दुसऱ्यापेक्षा वेगळे निघते.

शुभेच्छा पाठविण्याची मुळात गरज काय, असा प्रश्न विचारला जाईल. दिवाळी पहाटे मोबाइलवर येणारे संदेश मोजता येत नाहीत इतके असतात. ते दुसऱ्या दिवशी पुसलेही जातात, कारण फोनमध्ये जागा उरत नाही. याउलट घरातल्या कपाटात, फोटोच्या अल्बममध्ये किंवा देवघराशेजारच्या फडताळात वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे एखादे हाताने केलेले कार्ड अजून सापडते. ज्या घरांतली मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा त्याही पलीकडे गेली आहेत, त्या घरांतील ज्येष्ठांना या फरकाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

<b>पाव आण्यापासून बुकपोस्टापर्यंत</b>

छापील शुभेच्छापत्राचा उगम इंग्लंडमधला. तेथे १८४० मध्ये एक पेनीत देशभर पत्र पाठविण्याची सोय झाली आणि तीनच वर्षांनी, १८४३ मध्ये, हेन्री कोल यांनी चित्रकार जॉन कॅलकॉट हॉर्स्ली यांच्याकडून नाताळचे पहिले व्यापारी कार्ड काढून घेतले. सणाची असंख्य पत्रे हाताने लिहिण्याचा कंटाळा, हे त्यामागचे कारण मानले जाते. म्हणजे छापील कार्ड जन्मले ते वेळ वाचविण्यासाठी. हाताने केलेल्या कार्डाचे प्रयोजन अगदी उलटे, वेळ देण्याचे आहे.

भारतात अंतर कितीही असले तरी एकच टपाल दर, ही पद्धत १८५४ मध्ये आली आणि पाव आण्याचे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी. मराठी घरांनी या व्यवस्थेत आपले सण बसविले. दसऱ्याला पत्रात आपट्याचे पान जाऊ लागले, संक्रांतीला कागदाच्या इवल्याशा पुडीत हलव्याचे चार दाणे किंवा तिळगूळ. लिफाफ्याचे झाकण न चिकटवता आत खोचायचे आणि वर ‘बुकपोस्ट’ असे लिहून कमी दराच्या तिकिटात कार्ड धाडायचे, ही युक्ती मध्यमवर्गीय घरांना तोंडपाठ होती. पुढे ‘आर्चीज’सारख्या दुकानांनी कार्डाला चकचकीत रूप दिले. ही कंपनी आणि कार्डांच्या विक्रीतून मुलांसाठी निधी उभारणारी ‘क्राय’ ही संस्था, दोन्ही १९७९ सालच्या. नव्वदच्या दशकात तरुण मंडळींची दुकानांतून कार्डे निवडण्यासाठी गर्दी होत असे. मोबाइलवरच्या लघुसंदेशांनी ती गर्दी ओसरविली.

उरलेल्या साहित्याने चित्र सजविण्याची रीतही आपल्याला नवी नाही. राजा रविवर्मा यांच्या मुंबईत सुरू झालेल्या आणि नंतर लोणावळ्याजवळ मळवलीला हलविलेल्या छापखान्यातून देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरी पोहोचली. त्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना घरातल्या बायकांनी जरीच्या काठाचे तुकडे, टिकल्या आणि मणी चिकटवून नटविले. अशी ‘साडी नेसविलेली’ चित्रे आता संग्राहक शोधत फिरतात. साडीचा फाटलेला काठ तेव्हा फेकला जात नव्हता, एवढेच त्यामागचे रहस्य.

टंचाईतून कार्ड कसे घडते याचे आणखी एक उदाहरण जगप्रसिद्ध आहे. युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र १९४९ मध्ये निघाले ते सात वर्षांच्या यित्का सामकोव्हा या चेक मुलीच्या चित्रावरून. महायुद्धानंतर तिच्या गावात कागद मिळत नव्हता, म्हणून ते चित्र काचेवर रंगविलेले होते.

<b>लग्नपत्रिकेचा पेच</b>

खोक्यातील सर्वांत मोलाचा माल म्हणजे लग्नपत्रिका. कागद जाड, बहुधा एक बाजू कोरी, कडेला सोनेरी वेलबुट्टी आणि त्यासोबत हल्ली मखमली छाप, फिती, लाखेसारखे शिक्के. तरीही त्या वर्षानुवर्षे पडून राहतात, कारण पहिल्याच पानावर गणपती असतो. रद्दीत देववत नाही, कचऱ्यात टाकवत नाही आणि ठेवायला जागा नाही.

यावर उपाय सोपा आहे. पत्रिकेतला गणपती कडेने नीट कापून घ्यावा आणि दिवाळीच्या कार्डावर मध्यभागी बसवावा. उरलेल्या भागातील वेलबुट्टी काठासाठी, कोरी पाठ मजकुरासाठी आणि पत्रिकेचे पाकीट उलटे करून लिफाफ्यासाठी वापरता येते. कार्ड ज्याला मिळेल त्याच्यापुढे पुन्हा तोच पेच उभा राहणार, हे खरे; पण गणपती निदान एका घरातून दुसऱ्या घरात मानाने जातो. वधूवरांची नावे, तारीख आणि ‘आहेर आणू नये’ ही ओळ मात्र तपासून कापावी. दिवाळीच्या शुभेच्छांमागून ती डोकावली, तर वाचणाऱ्याचा गोंधळ उडतो.

पत्रिकेच्या खालोखाल उपयोगी पडतो तो चित्रकलेचा कागद. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांच्या तयारीत मुलांनी अर्धवट सोडलेली चित्रे घराघरांत असतात. बिघडलेल्या चित्राचाही एखादा चौकोन सुंदर निघतो. जुन्या पोस्टकार्डाएवढी खिडकी एका कागदात कापावी आणि ती चित्रावरून फिरवीत न्यावी. पूर्ण चित्रात जो रंग भडक वाटत होता, तोच त्या खिडकीत शोभून दिसतो. मुलांना हा खेळ फार आवडतो आणि बिघडलेल्या चित्राबद्दलचा त्यांचा रुसवाही जातो.

लिफाफ्यासाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकांची पाने उत्तम. एका बाजूला चित्र आणि मागे कोरी अशी असतील तर विशेषच. दोन्ही बाजूंना मजकूर असलेल्या ‘कालनिर्णय’सारख्या दिनदर्शिकेच्या पानावर पत्त्यासाठी पांढरी चिठ्ठी चिकटवावी लागते. कापण्यापूर्वी त्या पानावर दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख किंवा कुणाचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवलेला नाही ना, हे पाहिलेले बरे. घरचा खासगी हिशेब शुभेच्छांबरोबर सोलापूरला गेल्याची जाणीव फार उशिरा होते.

<b>कागदीपुऱ्याचा धडा</b>

कागद हाताळायचा तर तो कसा बनतो हे थोडे ठाऊक असावे आणि त्यासाठी या शहरातील माणसाला लांब जावे लागत नाही. दौलताबादहून खुलताबाद-वेरूळकडे जाणाऱ्या रस्त्यावर कागजीपुरा हे गाव आहे. कागदीपुरा असेही त्याला म्हणतात. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलविली, तेव्हा आलेल्या कारागिरांबरोबर कागद बनविणारेही आले आणि येथे वसले, अशी परंपरा सांगितली जाते. दौलताबादी कागदाला पुढे दूरवर मागणी होती आणि पेशव्यांच्या दफ्तरातही त्याचा वापर झाला. सरकारी कामकाज यंत्राच्या कागदावर गेले, तसा हा व्यवसाय आक्रसत गेला. आता हातकागदाचे काम करणारे तेथे हातावर मोजण्याइतकेच उरले आहेत.

त्यांचा कच्चा माल कोणता, हे येथे महत्त्वाचे. सुती चिंध्या आणि कापडाची कात्रणे, म्हणजे पुन्हा उरलेसुरलेच. चिंध्या भिजवून, कुटून त्यांचा लगदा करतात. तो हौदातल्या पाण्यात सोडून जाळीच्या चौकटीवर उचलतात. पाणी निथळले, की जाळीवर कागदाचा ओला थर राहतो. तो दाबून, वाळवून शेवटी घोटला जातो. पूर्वी ओले ताव घराच्या भिंतींवर चिकटवून वाळवीत आणि गुळगुळीत दगडाने घासून त्यांना चकाकी आणीत. पुण्यात १९४० मध्ये सुरू झालेल्या हातकागद संस्थेतही कागद तयार होतो तो बनियनच्या कारखान्यांतील सुती कात्रणांतूनच.

या कागदाचा एक गुण कार्ड करताना प्रकर्षाने जाणवतो. यंत्रावर कागद वेगाने पुढे सरकत बनतो, त्यामुळे त्यातले बहुतेक तंतू एकाच दिशेला आडवे पडतात. हातकागदात ते चहूकडे विखुरलेले असतात. म्हणून हातकागदाची घडी कोणत्याही बाजूने जवळजवळ सारखीच बसते. यंत्राचा जाड कागद मात्र तंतूंच्या दिशेने मुकाट दुमडतो आणि आडव्या दिशेने दुमडला, तर घडीवर तडकतो. घरी केलेली बहुसंख्य कार्डे ओबडधोबड दिसतात ती याच कारणाने, आणि दोष मात्र करणाऱ्याच्या हाताला दिला जातो.

तंतूंची दिशा ओळखण्यासाठी उपकरण लागत नाही. कार्डशीटचा तुकडा न मोडता आधी उभा आणि मग आडवा हलकेच वाकवून पाहावा. ज्या बाजूने तो कमी विरोध करतो, ती घडीची दिशा. त्यानंतर घडीच्या जागी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ दाबून ओढावी. कागदात खोलगट वाट तयार होते आणि घडी सरळ, धारदार पडते. घडी घालून झाल्यावर चमच्याची पाठ तिच्यावरून एकदा फिरविली, की छापखान्यातल्यासारखी सफाई येते. संपलेले बॉलपेन हे या कामातील सर्वांत उपयोगी हत्यार आहे आणि ते प्रत्येक घरात डझनाने असते.

<b>डिंक कमी, वजन जास्त</b>

यानंतरचा शत्रू पाणी. फेविकॉलसारख्या चिकटद्रव्यात पाण्याचा अंश असतो. ते सढळ हाताने लावले, की कागद ओला होऊन फुगतो आणि वाळताना आक्रसून सुरकुततो. बोटाने किंवा जुन्या ब्रशने पातळसा हात फिरवावा, तोही चिकटवायच्या लहान तुकड्याला, खालच्या मोठ्या कागदाला नव्हे. चिकटवून झालेले कार्ड दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर पाट आणि पाटावर जाडजूड शब्दकोश किंवा वरवंटा ठेवावा. रात्रभर तसेच राहू दिले, तर ते बाक धरत नाही. घाईत पंख्याखाली वाळविलेली कार्डे पापडासारखी वळतात.

बाटली वाळली असेल तर नवी आणण्याचीही गरज नाही. एक चमचा मैदा पाच चमचे पाण्यात गुठळ्या न होऊ देता कालवून मंद आचेवर चटचटीत होईपर्यंत ढवळला, की खळ तयार होते. आकाशकंदील आणि पतंग या खळीवरच पिढ्यान्पिढ्या चिकटत आले. बाइंडर मंडळी कीड लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद घालतात. ते विषारी असल्याने मुलांच्या हाती जाणाऱ्या खळीत घालू नये. त्याऐवजी खळ हवी तेवढीच करावी. दोन दिवसांत ती आंबते.

कापडाच्या तुकड्यांची तऱ्हा निराळी. हे शहर हिमरूचे आणि पैठणही फार दूर नाही, त्यामुळे जुन्या शालीची, ब्लाउजपिसाची किंवा पैठणीच्या काठाची कात्रणे येथील घरांत मिळतात. हिमरूत सुती ताण्यावर रेशमी नक्षी विणलेली असते आणि नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला सुटे सोडलेले असतात. म्हणून कात्री लावताक्षणी कड उसवू लागते. तुकड्याच्या मागे फेविकॉलचा पातळ थर देऊन तो पूर्ण वाळू द्यावा आणि मगच कापावे. धागे जागच्या जागी धरून राहतात आणि पणतीसारखा गोल आकारही स्वच्छ निघतो. ज्यांच्या घरी अखंड पदर आहे त्यांनी त्याला हात लावू नये. हा उद्योग फाटलेल्या वस्त्रासाठीच आहे.

काचेच्या बांगड्यांचे तुकडे, आरसे, टोकदार मणी हे सारे दिसायला छान, पण टपालात नको. लिफाफे शिक्क्याखाली जातात, गठ्ठ्यात दाबले जातात आणि शेवटी पोस्टमनच्या बोटांखाली येतात. काच लिफाफा फाडते, कधी हातही कापते. रांगोळी चिकटवून केलेली नक्षीही टेबलावर खुलते आणि प्रवासात झडते. रांगोळी दगडाची पूड असल्याने ती वजनही वाढविते.

वजनाचा हिशेब बहुतेकांच्या लक्षात येत नाही. साध्या पत्राचा टपाल दर २० ग्रॅमच्या टप्प्याने आकारला जातो. कागदाच्या पुड्यावर ‘जीएसएम’ म्हणून आकडा असतो, तो एका चौरस मीटर कागदाचे वजन ग्रॅममध्ये सांगतो. ए-फोर आकाराचे १६ कागद म्हणजे एक चौरस मीटर. तेव्हा २४० जीएसएमच्या कार्डशीटचा एक ए-फोर ताव १५ ग्रॅमचा. तो मधोमध दुमडून मोठे कार्ड केले आणि वर पाच-सहा ग्रॅमचा लिफाफा चढविला, की एकही टिकली लावण्यापूर्वी २० ग्रॅमची मर्यादा संपते. तोच ताव अर्धा कापून दोन लहान कार्डे केली, तर एक कार्ड साडेसात ग्रॅमचे, लिफाफा चारच्या आसपास आणि सजावटीला आठ ग्रॅम शिल्लक. आठ ग्रॅममध्ये कापड, लेस, टिकल्या सर्व बसते. शिवाय दुप्पट माणसांना कार्डे जातात. कमी तिकीट लावलेले पत्र पोहोचले, तर उरलेले पैसे दंडासह घेणाऱ्याकडून वसूल होतात. शुभेच्छांची सुरुवात अशी होणे बरे नव्हे. स्वयंपाकघरातील काटा नसेल, तर एक तयार लिफाफा टपाल कार्यालयात नेऊन वजन करून घ्यावा आणि त्याच मापाने बाकीचे करावेत.

रजिस्टर पोस्टाची जुनी सेवा १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाली आहे. त्यामुळे पोहोच हवी असेल, तर स्पीड पोस्टाने पाठवावे लागते. साध्या टपालाने पाठविणाऱ्यांनी सणाच्या आधी दहा-बारा दिवस हाती ठेवावेत.

<b>चमक आणि कचरा</b>

चमकीची पूड, म्हणजेच ग्लिटर, हा खोक्यातला सर्वांत मोहक आणि सर्वांत त्रासदायक पदार्थ. ती प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची बारीक चुरी असते. कार्डावरून ती झडते, फरशीवरून गटारात जाते आणि तेथून तिला परत आणता येत नाही. युरोपीय संघाने सुट्या प्लॅस्टिक ग्लिटरच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आणले ते याच कारणाने. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली. पण त्याआधी आणलेल्या मखरांचे तुकडे आणि गोळ्या अजून कित्येकांच्या माळ्यावर आहेत.

याचा विचार या शहराने तरी टाळू नये. फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या आणि तत्कालीन औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर, कित्येक आठवडे आपल्याच कचऱ्यात अडकून पडले. चौकाचौकांत ढीग साचले, ते पेटविले गेले, मार्चमध्ये मिटमिट्यात दगडफेक आणि पोलिसांची कारवाई झाली. गारखेड्यातल्या घरातून निघालेली पिशवी कोठे जाते हा प्रश्न तोवर कोणी फारसा विचारला नव्हता. नारेगावकर मात्र त्या पिशव्यांच्या वासात राहत होते.

एका कार्डाने कचऱ्याचा प्रश्न सुटत नाही आणि तसा दावा कोणी करूही नये. परंतु टाकाऊतून टिकाऊ या नावाखाली जे केले जाते, त्याचा बराचसा भाग कचऱ्याचे रूप बदलून तो दुसऱ्याच्या घरी पाठविण्यापुरताच असतो. निव्वळ कागद, सुती कापड आणि खळ यांचे कार्ड जुने झाल्यावर रद्दीत जाऊ शकते. त्यावर ग्लिटर, प्लॅस्टिकचे हिरे, थर्माकोल आणि चिकटपट्टी बसली, की तो कागद पुन्हा लगदा करण्याच्या लायकीचा राहत नाही. घरात असलेली चमकी वापरायचीच असेल, तर ती डिंकाच्या दोन थरांमध्ये पक्की बसवावी आणि ती संपल्यावर नवी आणू नये. सोनेरी रंगाची हौस लग्नपत्रिकांची वेलबुट्टी, मिठाईच्या खोक्यांचे झाकण आणि चहाच्या पुड्याचे आतले आवरण यांवर भागते.

आतल्या मजकुराकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बाहेर तीन तास खपून आत ‘दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’ एवढेच लिहिलेले असते. छापील कार्डातही तेच असते. घरच्यांनी मिळून चार ओळी लिहाव्यात: यंदा चकली फसली की जमली, अंगणातल्या पारिजातकाचे काय झाले, धाकटा कोणत्या इयत्तेत गेला. लहान मुलांनी आपल्या अक्षरात चुकीच्या ऱ्हस्वदीर्घासह एक ओळ लिहिली असेल, तर ती दुरुस्त करू नये. कार्डाच्या मागे खालच्या कोपऱ्यात वर्ष घालण्याची सवय मात्र ठेवावी. फडताळात सापडलेल्या कार्डाचे साल आठवत नाही, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते.

कापाकापीनंतर जे बारीक तुकडे उरतात त्यांच्या दोराबंद चिठ्ठ्या होतात आणि शेजाऱ्यांकडे जाणाऱ्या फराळाच्या डब्यांना बांधता येतात. त्यावर डबा परत करण्याची आठवण लिहायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

दिवाळीची वेळ चुकली तरी खोका मिटण्याची घाई नको. जानेवारीच्या मध्याला संक्रांत येते आणि पतंगी कागदाचे उरलेले तुकडे त्या कार्डांना फार शोभतात. हलव्याचे दाणे घालायचे, तर ते आधी बटर पेपरच्या घट्ट पुडीत बांधावेत, म्हणजे कागदाला डाग पडत नाही आणि मुंग्याही लागत नाहीत. पुडी कार्डाच्या घडीत न ठेवता सपाट भागात ठेवावी. पाच-सहा दाण्यांपेक्षा जास्त घालू नयेत, कारण लिफाफ्याला फुगवटा आला की शिक्क्याखाली ते चिरडतात. परदेशी जाणाऱ्या कार्डात हलवा, तीळ किंवा आपट्याचे पान घालू नये. खाद्य आणि वनस्पतिजन्य वस्तूंबाबत अनेक देशांचे नियम कडक आहेत आणि लिफाफा तेथेच अडकतो. त्यांना पुडीचे चित्र काढून पाठवावे. देशातल्या देशात मात्र उशीर झाला म्हणून हात आखडायचे कारण नाही. तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतो.